कठडा बांधणाऱ्याचा कठडा

बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात एक लहानशी आज्ञा आहे. पक्ष्याच्या घरट्याविषयीचा नियम आणि द्राक्षमळ्यात दोन जातींचे बी पेरू नये हा नियम, या दोहोंच्या मध्ये ती अशी दडून बसली आहे की वाचताना सहज निसटावी. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा घालावा, एवढेच ती सांगते. तेथून कोणी पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येईल, हे तिने दिलेले कारण.

त्या देशातील घरांची छपरे सपाट असत. माणसे तेथे निजत, वाळवण घालीत. याफो येथे पेत्र अशाच एका धाब्यावर प्रार्थनेसाठी चढला होता. कठडा ही तेथे शोभेची वस्तू नव्हती. या आज्ञेची थोरवी मला वाटते ती अशी की, पडणाऱ्याने जपून चालावे असा उपदेश तिच्यात नाही, आणि पडलेल्याच्या निष्काळजीपणाची चौकशीही नाही. ती थेट घर उभारणाऱ्याकडे वळते आणि त्याला जाब विचारते.

तरीही एक प्रश्न उरतोच. कठडा पुरा झाल्यावर घरातली माणसे सुखरूप झाली. पण तो पुरा होईपर्यंत त्या उघड्या काठावर उकिडवा बसून जो गवंडी वीट रचत असतो, त्याला कोणता कठडा? त्याच्या पाठीमागे काही नाही, पुढे अर्धी भिंत आहे आणि पायाखाली बांबूंना बांधलेली फळी. त्या घटकेला त्याच्या आणि खालच्या जमिनीच्या मध्ये खऱ्या अर्थाने काय असते, याचा विचार केला तर उत्तर बहुधा एकच येते: शेजारी काम करणारा माणूस. ती फळी ज्याने बांधली तो, खालून घमेले देणारा तो, आणि ‘थांब, सरकू नकोस’ म्हणून वेळेवर हाक देणारा तो.

आपल्या धर्मग्रामांतून गेल्या तीस-चाळीस वर्षांत कौलारू घरे जाऊन स्लॅबची घरे आली. स्लॅब पडण्याच्या दिवसाचे दृश्य मग कोणाच्या परिचयाचे नाही? पहाटेपासून माणसांची रांग लागते, घमेली हातांतून हातांत जातात, वर मुकादमाचा आवाज चढलेला असतो. त्या रांगेत एक ताल असतो. प्रत्येकाला पुढच्याचा हात किती लांब पोचतो हे ठाऊक झालेले असते. एखादा नवखा माणूस मध्ये आला की तो ताल चुकतो आणि घमेले पायावर पडते. मोठ्या इमारतींवर आता काँक्रीट नळीतून वर चढते, रांगेची गरज उरलेली नाही. पण एकाचा जीव दुसऱ्याच्या ध्यानावर टांगलेला असणे काही संपलेले नाही. उलट ते दिसेनासे झाले आहे, आणि म्हणून अधिक घातक झाले आहे. सेंट्रिंगवाल्यांची टोळी एका कंत्राटदाराची, सळई बांधणाऱ्यांची दुसऱ्याची, वीजकाम करणारे तिसऱ्याचे, रंगारी चौथ्याचे. एका टोळीने सकाळी लिफ्टच्या खड्ड्यावरची फळी आपल्या कामापुरती काढली, हे दुसऱ्या टोळीला संध्याकाळी कळावे तरी कसे? त्यांची एकमेकांशी ओळख नाही, जेवायला ती एकत्र बसत नाहीत, पुष्कळदा त्यांची भाषाही एक नाही. बाबेलचा बुरूज भाषा न कळल्यामुळे थांबला, असे उत्पत्तीचे पुस्तक सांगते. आमचे बुरूज भाषा कळो न कळो, थांबत नाहीत.

तर प्रश्न असा की सोबत्याच्या जिवाची जबाबदारी सोबत्यावर कितपत येते? काइनाने देवाला जो उलट प्रश्न केला, भावाची राखण हे काय माझे काम आहे, तो आपण नेहमी खुनाच्या संदर्भात ऐकतो. परांचीवर तो रोज, रागलोभाशिवाय आणि बहुधा मुक्यानेच विचारला जातो. त्याचे उत्तर शोधताना मला एका दूरच्या गावाचा इतिहास फार बोलका वाटत आला आहे.

कॅनडातील माँट्रियलजवळ, सेंट लॉरेन्स नदीच्या दक्षिण तीरावर कानावागे नावाचे गाव आहे. वस्ती मोहॉक या मूळनिवासी जमातीची. सतराव्या शतकात तेथे येशूसंघीय धर्मगुरूंनी मिशन स्थापन केले आणि त्याला नाव दिले संत फ्रान्सिस झेवियरचे. जुन्या गोव्यात ज्यांच्या पवित्र अवशेषांपुढे आपल्या पिढ्या गुडघे टेकत आल्या, तेच झेवियर त्या बर्फाळ नदीकाठच्या चर्चचे आश्रयदाते आहेत. २०१२ साली पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी संतपद बहाल केलेल्या कतेरी तेकाक्विथा यांची समाधीही याच चर्चमध्ये आहे.

या गावाचा पोलादाशी संबंध १८८६ साली आला. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा पूल तेथून नदी ओलांडणार होता आणि पूल गावच्या जमिनीवर टेकणार म्हणून कंपनीने गावच्या माणसांना काम देण्याचे कबूल केले. आरंभी ती साधी मजुरी होती. पण ही माणसे तुळयांवर निर्धास्तपणे चढतात हे मुकादमांच्या ध्यानात आले आणि काहींना रिव्हेट ठोकण्याचे काम शिकविण्यात आले. पुढे हाच त्या गावाचा पिढीजात व्यवसाय झाला. मोहॉकांना उंचीची भीतीच नसते अशी एक दंतकथा त्यावरून पसरली. ती खरी मानण्याचे कारण नाही. भीती सर्वांनाच वाटते, कोणी ती आपल्या माणसांच्या संगतीत वागवायला शिकतो एवढेच.

रिव्हेट ठोकण्याचे काम एकट्याचे नव्हतेच. टोळी चौघांची असे. एकजण लहानशा भट्टीत रिव्हेट लालबुंद तापवी आणि चिमट्याने उचलून फेकी. दुसरा तो निखारा पत्र्याच्या डब्यात झेली आणि तुळईच्या भोकात बसवी. तिसरा मागून जड लोखंड टेकवून धरी, चौथा पुढून हवेच्या हातोड्याने त्याचे डोके ठोकी. हे सारे दोरांना टांगलेल्या दोनचार फळ्यांवर उभे राहून, खाली नदी. फेकणाऱ्याचा हात जरा चुकला तर झेलणाऱ्याने काय करायचे? मागे सरावे तर मागे काही नाही. म्हणून ही माणसे टोळी स्वतः निवडीत, आणि ती बहुधा भाऊ, चुलतभाऊ, मेहुणे अशा नात्यांतून जमे. चौघांतला एक आजारी पडला तर उरलेले तिघे शक्यतो अनोळखी बदली माणूस घेत नसत. ते त्या दिवसाची मजुरी सोडीत. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. विश्वासाची किंमत त्यांनी रोख मोजली होती.

येथवर ही गोष्ट सोबत्यांच्या प्रेमाची आहे आणि ती येथेच थांबवता आली असती तर बरे झाले असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्सवर एक प्रचंड पूल उभा राहत होता. त्याचा मधला गाळा १,८०० फुटांचा, म्हणजे तोवरच्या जगातील सर्वांत लांब, होणार होता. मूळ आराखडा १,६०० फुटांचा. गाळा वाढविला तेव्हा पुलाच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब नीट नव्याने केला गेला नाही. सल्लागार अभियंता थिओडोर कूपर न्यूयॉर्कमध्ये होते. प्रकृतीच्या कारणाने ते प्रवास टाळीत, आणि पुलाचा वरचा सांगाडा उभा राहत असताना ते तेथे एकदाही गेले नाहीत. जागेवर त्यांचा प्रतिनिधी होता नॉर्मन मॅक्लुअर हा तरुण अभियंता. १९०७ च्या ऑगस्टमध्ये खालच्या बाजूच्या दाबाखालील तुळयांना बाक येत असल्याचे दिसू लागले. एका तुळईचा आधी पाऊण इंच भरलेला बाक २७ ऑगस्टला मोजला तेव्हा दोन इंचांच्या वर गेला होता.

म्हणजे धोका अदृश्य नव्हता. तो फूटपट्टीने मोजला गेला होता. त्यावर जागेवरच्या थोरांत वाद झाला. कोणी म्हणाले, ही तुळई कारखान्यातूनच वाकडी आली असावी. मुख्य मुकादमाने काम थांबविण्याचे मनावर घेतले, आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चालू केले. काम का थांबवू नये, याविषयी जागेवरच्या एका वरिष्ठ अभियंत्याने कूपर यांना जे लिहिले ते चौकशीत पुढे आले. आशय असा की, काम थांबविल्याने सर्वांच्या मनावर फार वाईट परिणाम होईल, माणसे निघून जातील आणि हंगाम वाया जाईल. हे वाचून मी पुष्कळ वेळ थबकलो होतो. माणसांना भीती वाटू नये म्हणून त्यांना धोक्यात ठेवले गेले! त्यांच्या मनोधैर्याची काळजी झाली, त्यांच्या देहाची राहिली.

मॅक्लुअर स्वतः न्यूयॉर्कला निघाला. २९ ऑगस्टच्या सकाळी तो कूपर यांच्यापुढे उभा राहिला, आणि कूपर यांना गांभीर्य तात्काळ कळले. पुलावर आणखी भार चढवू नये अशा आशयाची तार त्यांनी केली. पण ती गेली पेनसिल्व्हेनियातील फिनिक्सव्हिल येथे, कंपनीच्या मुख्य कचेरीकडे. क्वेबेकला, जेथे माणसे पुलावर होती, तेथे काम चालूच राहिले. कचेरीत बैठक झाली आणि निर्णय सकाळवर गेला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास, कामाची पाळी सुटण्याच्या वेळी, सुमारे १९,००० टन पोलाद काही सेकंदांत नदीत कोसळले. पुलावर ८६ माणसे होती, ७५ मेली. त्यांपैकी ३३ कानावागेची होती. काम पुन्हा सुरू करणारा मुख्य मुकादमही त्या ७५ जणांत होता. काही जखमी पोलादाखाली अडकून जिवंत होते. त्यांना सोडविता आले नाही, आणि रात्री भरतीचे पाणी चढले.

एका लहानशा धर्मग्रामातून एका संध्याकाळी ३३ पुरुष गेले, याचा अर्थ आपल्यासारख्या गावांत राहणाऱ्यांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. तेथील दफनभूमीत पोलादी तुळयांचे तुकडे जोडून केलेले क्रूस उभारण्यात आले. आणि त्या गावात सांगितले जाते ते असे की, विधवांनी व मातांनी पुरुषांपुढे अट घातली: उंचावरचे काम सोडा असे आम्ही म्हणत नाही, पण यापुढे सारे एकाच कामावर जायचे नाही, वेगवेगळ्या पुलांवर पांगायचे. माणसे पांगली. न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारतींवर त्यांचे हात लागले ते त्यानंतरच्या काळात.

त्या स्त्रियांचा निर्णय शहाणपणाचा होता यात शंका नाही. पण त्यात एक कडू सत्य लपले आहे. ज्या आप्तभावामुळे एकेक टोळी सुरक्षित होती, त्याच आप्तभावाने सारे गाव एका पुलावर आणून ठेवले होते. झेलणाऱ्याच्या डब्याची काळजी फेकणारा घेत होता, पण पूल पेलेल की नाही हे ठरविणाऱ्यांच्या आणि त्या चौघांच्या मध्ये काहीच नाते नव्हते. कूपर यांना त्यांतल्या कोणाचे नाव ठाऊक असण्याचा संभव नाही. तार चुकीच्या गावी जाते ती उगीच नव्हे. आपण जेथे माणसे पाहतो तेथेच ती पाठवतो. सहकाऱ्यांच्या नात्याविषयी बोलताना आपण खालच्या चौघांविषयीच बोलतो. मुकादम, अभियंता, मालक हेही त्याच कामाचे सहकारी आहेत, आणि नात्याचा धागा तुटतो तो बहुधा या वरच्या पायऱ्यांवर.

या पुलाची पुढची कथा थोडक्यात सांगायची तर, तो पुन्हा बांधायला घेतला आणि १९१६ साली मधला भाग चढविताना नदीत पडून आणखी १३ माणसे मेली. १९१७ मध्ये तो पुरा झाला. तो आजही उभा आहे.

आता खालच्या चौघांकडे परत येऊ, कारण त्यांच्यातही सारे आलबेल असते असे नाही. मराठीत ‘भीड’ हा एक नेमका शब्द आहे. जिव्हाळा आणि भीड या दोन्ही गोष्टी जवळिकीतून जन्मतात आणि दिसायलाही सारख्या असतात. जिव्हाळ्यामुळे माणूस सोबत्याकडे लक्ष देतो. भिडेमुळे त्याच सोबत्याला काही सांगायचे टाळतो. गावचाच माणूस, आपल्याहून वयाने मोठा, त्यानेच आपल्याला या कामावर आणले. तो पट्टा न बांधता काठावर गेला तर त्याला चारचौघांत कसे हटकावे? मुकादम चुलता लागतो. त्याने उभारलेली परांची डुलते आहे हे त्याच्या तोंडावर कसे म्हणावे? भीड ही भिकेची बहीण, असे आपले पूर्वज म्हणत. परांचीवर ती याहून वाईट घराण्याशी सोयरीक करते.

शिवाय टिंगल आहेच. नवखा पोरगा हेल्मेट घालून आला, फळी दोनदा हलवून पाहू लागला की ‘आला साहेब’ म्हणून हशा पिकतो. तो पोरगा दुसऱ्या दिवशी फळी हलवून पाहत नाही. हसणाऱ्यांत दुष्ट कोणी नसतो. त्यांतला प्रत्येकजण तो पडला तर खांद्यावर घेऊन दवाखान्याकडे धावेल. अपघातानंतर रक्त द्यायला रांग लावणारी माणसे अपघातापूर्वी एक शब्द का बोलू शकली नाहीत, हा मला या विषयातला सर्वांत अवघड नैतिक प्रश्न वाटतो. धावण्यासाठी प्रेम पुरते. हटकण्यासाठी प्रेमाबरोबर थोडे धैर्य लागते, आणि हटकून घेण्यासाठी तर त्याहूनही दुर्मीळ असे काही लागते.

प्रभू येशूने चुकणाऱ्या बंधूविषयी जी पायरी-पायरीची रीत मत्तयाच्या अठराव्या अध्यायात घालून दिली, आधी एकांतात बोलावे, मग दोघातिघांना सोबत घ्यावे, मग मंडळीपुढे न्यावे, ती आपण पापाच्या संदर्भात वाचतो. पण तिच्यात बंधूची अब्रू राखण्याचीही सोय आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अनुभवी मुकादम नेमके हेच करतात. ते माणसाला सर्वांदेखत झापत नाहीत. बिडी ओढायला बाजूला नेतात आणि सांगतात. अर्थात फळी निसटत असेल तेव्हा एकांत शोधायला वेळ नसतो. तेव्हा ओरडणे हेच प्रेम.

पोप जॉन पॉल दुसरे यांना हा विषय केवळ ग्रंथांतून ठाऊक नव्हता. १९४० साली, जर्मन ताब्यातील पोलंडमध्ये, विशीतला कॅरोल वोयतिवा क्राकूजवळच्या झाक्षुवेकच्या दगडखाणीत मजूर म्हणून लागला. खाणीत सुरुंग लावणाऱ्या एका वयस्क कामगाराच्या हाताखाली त्याला देण्यात आले. त्या कामगारांनी या विद्यार्थ्याला शक्य तेवढे हलके काम दिले. पुढे रसायनांच्या कारखान्यात रात्रपाळीला असताना सोबती त्याला वाचायला मोकळे सोडीत आणि कामाकडे आपण लक्ष ठेवीत. आपल्या धर्मगुरुपदाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, १९९६ मध्ये, पोप महोदयांनी त्यांची कृतज्ञतेने आठवण केली आहे. त्याच खाणीत सुरुंगाच्या दगडाने एक कामगार जागीच ठार झालेला त्यांनी पाहिला. तो मृत्यू त्यांच्या मनातून गेला नाही. १९५६ साली त्यांनी ‘दगडखाण’ ही कविता लिहिली आणि तिचा शेवटचा भाग त्या सोबत्याच्या स्मृतीला वाहिला. १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झर्सेन्स’ या मानवी श्रमावरील परिपत्रकात कामगाराच्या आरोग्याला अपाय न करणारी कामाची जागा आणि कामाची पद्धत हा त्याचा हक्क म्हणून येतो, त्यामागे त्या खाणीतली धूळ आहे असे मी समजतो. ज्यांनी त्याचा भार वाहिला ते आणि ज्याला कोणी वाचवू शकले नाही तो, हे सगळे एकाच खाणीतले सोबती होते.

येथे कोणी आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. कामगारांनी एकमेकांची काळजी घ्यावी हा उपदेश मालकाला फार सोयीचा असतो. जाळे बांधायला पैसे लागतात, बंधुभाव फुकट मिळतो. भिंतीवर ‘तुमची सुरक्षा तुमच्या हाती’ असे रंगवून घ्यायला किती खर्च? मग अपघात झाला की पहिले वाक्य ठरलेले: त्याचीच चूक होती. लूकच्या तेराव्या अध्यायात शिलोआमचा बुरूज पडून मेलेल्या अठराजणांचा उल्लेख आहे. ती माणसे इतरांहून अधिक दोषी होती काय, असे विचारून त्याचे उत्तर प्रभूने स्वतःच ‘नाही’ असे दिले. त्या अठरांत बांधणारे किती होते हे शुभवर्तमान सांगत नाही. पण मेलेल्याच्या माथी दोष मारून मोकळे होण्याची वाट तेथे प्रभूने बंद केली, आणि ऐकणाऱ्यांना म्हणाला की आधी तुम्ही बदला.

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल १९३३ ते १९३७ या काळात बांधला गेला, तेव्हा मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस यांनी पुलाखाली दोरांचे प्रचंड जाळे लावले. त्या जाळ्याने १९ जणांचे प्राण वाचविले. वाचलेल्यांनी आपले एक मंडळ स्थापन केले आणि नरकाच्या अर्ध्या वाटेवरून परतलेले असे गमतीचे नाव घेतले. १७ फेब्रुवारी १९३७ रोजी एक अवजड परांची त्याच जाळ्यावर कोसळली, जाळे फाटले आणि दहाजण गेले. तेव्हा जाळेही सर्वशक्तिमान नाही. तरी त्या १९ जणांना कोणाच्या बंधुभावाने झेलले नसते, हे मान्य केले पाहिजे.

मग सोबत्यांचे नाते कशासाठी? मला दिसते ते असे. जाळे फाटले आहे हे आधी कोणाला कळते? वाळूच्या पोत्यावर टेकवलेला टेकू खचतो आहे हे कोण पाहते? जो तेथे उभा आहे तोच. कायद्याची नजर महिन्यातून एकदा येईल, अभियंत्याची दिवसातून एकदा. सोबत्याची नजर सतत तेथे असते. पण पाहिलेले बोलण्याची मुभा त्याला नसेल, तर ती नजर असून नसल्यासारखी. ही मुभा भावनेने मिळत नाही. ती मजुरीच्या व्यवहारात असावी लागते. ज्याला रोजावर घेतले आहे, गावाकडे उचल फेडायची आहे, खाडा झाला तर रोज बुडतो, आणि जास्त बोलला तर उद्या नाक्यावरून दुसरा माणूस आणतात, त्याने ‘काम थांबवा’ म्हणावे अशी अपेक्षा करणे ही क्रूर थट्टा होय. आणि जो प्रत्येक आठवड्याला नव्या टोळीत टाकला जातो, त्याने कोणाचा भाऊ व्हावे?

कायद्याने हे ओळखलेलेच नाही असे म्हणता येणार नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने पाचशे वा त्याहून अधिक कामगारांच्या कामावर मालक व कामगार या दोघांचे प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती नेमण्यास सांगितले. जीवघेणा धोका दिसला तर कामगाराने तो मालकाला व त्याच वेळी निरीक्षकालाही कळवावा, अशी तरतूद २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत आहे. परंतु पाचशेंचा आकडा गाठणारी कामे थोडी. आपल्या आळीत चाललेल्या बंगल्यावर, चाळीच्या दुरुस्तीवर, शाळेच्या वाढीव मजल्यावर आठदहा माणसे असतात. तेथे समिती नाही. तेथे निरीक्षक फिरकत नाही. तेथे मालक असतो, आणि तो मालक पुष्कळदा आपण असतो.

म्हणून हा प्रश्न आपल्या घरांपर्यंत येतो. घर बांधताना आपण सिमेंटचा मेक विचारतो, सळईची जाडी मोजून घेतो, वाळू मुठीत घेऊन चोळून पाहतो. परांची कोणी बांधली आणि तिच्यावर कोण चढणार आहे, हे विचारत नाही. तो कंत्राटदाराचा विषय. ‘अनुवाद’च्या आज्ञेने मात्र कंत्राटदाराचा उल्लेख केलेला नाही. ती घराच्या धन्याशी बोलते. कंत्राट ठरविताना ‘एकच टोळी अखेरपर्यंत ठेवा, हप्त्याहप्त्याला माणसे बदलू नका’ असे आपण म्हणू शकतो. जाळी, पट्टे व पक्क्या फळ्या यांचा खर्च दरात वेगळा लिहून घेऊ शकतो, म्हणजे स्वस्त पडणारा कंत्राटदार तो गाळून पुढे जाणार नाही. पाऊस आला, वारा सुटला, परांची संशयास्पद वाटली म्हणून माणसे अर्ध्या दिवसात खाली उतरली, तर पूर्ण हजेरी देऊ असे त्यांच्या देखत सांगू शकतो. माणसांची नावे विचारू शकतो. ही शेवटची गोष्ट भाबडी वाटेल. पण ज्याला ‘ए बिगारी’ म्हणून हाक मारली जाते त्याला वेळेवर हाक पोचत नाही. पाठीमागून ‘अरे, अरे’ असे ओरडले तर पाचजण वळून पाहतात, नाव घेतले तर तोच थांबतो.

धर्मग्रामाच्या पातळीवरही असेच. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा श्रमिक संत जोसेफ यांचा सण म्हणून घोषित केला. त्या दिवशी आपण सुताराच्या घरातील श्रमांचे गोडवे गातो, कोणी रंधा व करवत वेदीपाशी अर्पण करते. चर्चच्या दर्शनी भिंतीवर त्याच महिन्यात, पावसापूर्वी म्हणून, दोरांवर लोंबकळत काम करणारी माणसे असतात. ती कुठून आली, रात्री कोठे निजतात, त्यांतल्या कोणाला कोण ओळखतो, याची चौकशी एखाद्या मंडळाने किंवा युवकसंघाने केली तर त्या सणाशी ते विसंगत ठरू नये. नाही तरी मिस्सा सुटल्यावर आपण खाली उभे राहून रंगाची छटा बरोबर आली की नाही, याविषयी अर्धा तास बोलतोच.

आणि तारखेचा प्रश्न आहे. क्वेबेकला हंगाम वाया जाण्याची भीती होती; आपल्याकडे सण जवळ येतो. नोव्हेना सुरू होण्याआधी मनोरा रंगून झाला पाहिजे, बिशप महोदय यायच्या आत सभागृहाचा स्लॅब पडला पाहिजे, लग्नाच्या आधी वरचा मजला झाला पाहिजे. मग रात्री दिवे लावून काम चालते, दोन टोळ्यांच्या जागी चार येतात, एकमेकांना न ओळखणारी माणसे एकाच परांचीवर चढतात, आणि ‘थांबा’ म्हणणाऱ्याकडे सगळे त्रासून पाहतात. ती तारीख कंत्राटदाराने ठरविलेली नसते. बैठकीत आपण ती ठरविलेली असते, आणि तोवर पत्रिकाही छापून आलेल्या असतात.